एक खाट, दोघांची झोप

परीक्षानळीतल्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब पडले. नळी ज्योतीवर उकळली आणि रंग विटकरी झाला. सुरतेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती उजेडात धरली. "डायबिटीज," ते म्हणाले. म्हणजे मधुमेह, लघवीतून साखर जात होती. साठचे दशक संपत आले होते. मी अडतीस वर्षांचा होतो.

सहा महिने तहान लागत होती. झोपेतून चार-पाच वेळा उठावे लागे. मी कापड गिरणीत मागावर होतो. पाळी दर आठवड्याला बदलते म्हणून झोप मोडते, अशी माझी समजूत होती.

डॉक्टर गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलत. "रोज सुबह नाश्ते से पहले एक गोली. और नींद पूरी लेना. नींद टूटेगी तो शक्कर भी बिगड़ेगी." माझी पाळी त्यांनी विचारली नाही. मीही सांगितली नाही.

सुरतेतल्याच कतारगामच्या खोलीत आम्ही खानदेशचे सहा जण, खाटा तीन. एका खाटेवर दोघे, पाळीपाळीने. माझ्या खाटेचा जोडीदार देविदास. माझी तिसरी पाळी असली की त्याची पहिली असे. दुपारी साडेतीनला तो परतला की खाट त्याची. त्यात सवलत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मला तिसरी पाळी आली, रात्री अकरा ते सकाळी सात. दोन दिवस गोळी घेऊन, भाकरी खाऊन झोपलो. तिसऱ्या सकाळी अंगात त्राण नव्हते. गोळी घेतली आणि नाश्ता उठल्यावर करू म्हणून आडवा झालो. सांगितले तसे वागलो, असेच वाटत होते.

पुढचे मला नंतर कळले. खोलीतल्या निंबाची त्या दिवशी सुटी होती. माझी झोप मोडू नये म्हणून त्याने खिडकीला गोधडी लावली, स्टोव्ह बाहेर नेला आणि दुपारभर दारात बसून राहिला. साडेतीनला देविदास आला.

"ऊठ रे भो, मनी पाळी शे."

"झोपू दे त्याले," निंबा म्हणाला. "डॉक्टरनी झोप सांगेल शे."

"त्याले डॉक्टर शे, माले कोन शे? आठ तास उभा व्हतू."

"मनी गोधडीवर पड."

"गोधडी ऱ्हाऊ दे. माले मनी खाट पाहिजे."

त्याने माझ्या डोक्याखालची उशी ओढली. मान तशीच कलंडली. सदरा घामाने चिंब होता, अंग गार. दोघांनी मला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेले.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर मी डोळे उघडले. डॉक्टर निंबाला सांगत होते, "ये सोया नहीं था, बेहोश था. शाम तक सोने देते तो शायद उठता नहीं." याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. रक्तातली साखर फार खाली जाते. गोळी पोटात होती, अन्न नव्हते. मला दोन दिवस ठेवून घेतले.

गोळी घेणाऱ्याने डॉक्टरला आपली पाळी आधी सांगावी. उपाशी झोपू नये. घरच्यांनी झोपलेल्याला हाक मारून पाहावी. उत्तर येत नसेल, अंग गार आणि घामेजलेले असेल, तर तोंडात काही न ओतता दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: जेवण आणि झोप रोज ठरल्या वेळी. पाळ्या लावणाऱ्या जॉबरने ती वाचली. "कायम पहिली पाळी? मग तुझी तिसरी कोण करणार? जमत नसेल तर घरी बस."

देविदास शेजारी उभा होता. "मी करस," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी आभार मानू लागलो. "गप ऱ्हाय," तो म्हणाला. "आते दिनभर खाट मनी एकलानी."

त्याला सात वर्षे झाली. मी रात्री दहाला झोपतो, पाचला उठतो. नळीतला रंग बहुतेक हिरवा येतो, म्हणजे साखर थोडीच. देविदास दिवसा झोपतो, म्हणजे पडून राहतो; भिंतीपलीकडच्या कारखान्यात दिवसभर माग चालू असतात. मागच्या महिन्यात मी त्याला म्हटले, पाळी बदलून घेऊ. त्याचे डोळे लाल होते.

"तू झोप," तो म्हणाला. "माले सवय व्हई गयी."

मी झोपतो. वेगळी परतफेड मला सापडलेली नाही.