डावा मोजा

नर्सिंग असिस्टंट म्हणून माझी पोस्टिंग उत्तरेच्या बर्फातल्या एका चौकीवर झाली, तेव्हा माझी सर्व्हिस सतरा वर्षं झालेली. मेडिकल ऑफिसर खालच्या कॅम्पवर. वर आठ जवान आणि मी. जवान मला 'डॉक्टर' म्हणायचे.

आता मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. गार्ड विचारतात, "साहेब, फायरिंग किती पाहिलं?" त्या चौकीवर आम्ही एकही गोळी झाडली नाही. तरी एक माणूस गेला.

रोज सोळाशे वाजता, म्हणजे दुपारी चारला, फूट इन्स्पेक्शन असायचं. बूट काढायचे, दोन्ही मोजे काढायचे. मी एकेक बोट दाबून बघायचो. दाबल्यावर पांढरं पडलेलं बोट परत लाल झालं, तर ठीक. नाही झालं, तर त्याच दिवशी खाली रिपोर्ट. उशीर झाला की बोट जातं, आणखी उशीर झाला की पाय. बघून झालं की रजिस्टरमध्ये नावासमोर 'ओके' लिहून मी सही करायचो.

पोस्ट कमांडर होते हवालदार दत्ताराम मोरे. गाव साताऱ्याकडचं, पण बायको विठ्ठलवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची. सिपाही जयेश कोळी कोपरचा, खाडीवर मासे धरणाऱ्या घरातला. मी डोंबिवलीचा. तिघे एकाच पट्ट्यातले, म्हणून जेवायला एकत्र बसायचो. मोरे साहेब कमी बोलायचे. जयेश दोघांचं मिळून बोलायचा.

जयेशला खाली उतरायला नऊ दिवस राहिलेले. तेव्हापासून तो डावा पाय जपून टाकायला लागला, जमिनीवर आहे की नाही ते आधी चाचपून बघितल्यासारखा.

मी विचारलं, "काय झालं रे?"

"काय नाय ओ डॉक्टर. जरा सुन्न झालाय. आमचा बाप दिवसभर खाडीच्या चिखलात उभा असतो. त्याचे पाय रोजच सुन्न होतात."

त्या संध्याकाळी वारा सुटलेला. माझं डोकं ठणकत होतं. त्याने उजवा पाय दाखवला. डावा मोजा काढला नाही.

"आत्ताच सुकवून घातलाय. उद्या बघा ना."

मी 'ओके' लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे न बघताच लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी सहाशे वाजता तो शेल्टरच्या दारात पडला. मोजा निघेना, मी कात्रीने कापला. वास आला. घोट्यापर्यंत पाय काळा पडलेला, वर फोड. मी बोट दाबलं. लाकूड दाबल्यासारखं वाटलं.

मोरे साहेबांनी पाय पाहिला. मग रजिस्टर उघडून पाहिलं. रेडिओ उचलला.

"वन कॅज्युअल्टी. लेफ्ट लेग, कोल्ड इंज्युरी. चॉपर पाहिजे. ओव्हर."

"वेदर बघतोय. थांबा. ओव्हर."

आम्ही साडेनऊपर्यंत थांबलो. आभाळ उतरतच होतं.

"चॉपर येणार नाही. चालत आणा. ओव्हर."

फौजेत वाटेच्या टप्प्याला लेग म्हणतात. खाली जायला तीन लेग होते. दुसऱ्या लेगमध्ये बर्फाला भेगा होत्या. वरून कोवळ्या बर्फाचा थर असतो, खाली पोकळी. तो भाग दहाच्या आत पार करायचा असा नियम. त्यानंतर थर मऊ पडतो. आम्ही तिथे पोचलो बारा वाजून दहा मिनिटांनी.

जयेशला स्लेजवर बांधलेलं, तोंड मागे. आम्ही चौघे एका दोराला, पुढे. मोरे साहेब दुसऱ्या दोराला, स्लेजच्या मागे; त्या दोराचं दुसरं टोक आमच्याकडे. पायाखालून मध्येच 'धप्' असा आवाज यायचा, खोलवरून. आवाज आला की सगळे थांबायचे.

आम्ही चौघे भेग ओलांडून गेलो. मधोमध स्लेज कलंडली. एक बाजू खचायला लागली.

"साहेब, सरकतेय!" मी ओरडलो.

त्यांनी स्वतःच्या कमरेचा हुक काढला आणि तो दोर स्लेजच्या वरच्या बाजूला अडकवला. अंगाचं वजन टाकून स्लेज सरळ केली.

"ओढा. त्याचा पाय आपटू देऊ नका."

आम्ही ओढलं. स्लेज आमच्या बाजूला आली. मी जयेशचा पट्टा तपासायला वाकलो. जयेश माझ्याकडे बघत नव्हता. तो मागे बघत होता.

मी वळलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. आवाजही झाला नव्हता.

मोरे साहेबांना वर काढायला दोन दिवस लागले. जयेशचा पाय गुडघ्याखालून कापला.

दोन वर्षांनी, मी पेन्शनवर आल्यावर, जयेशचा फोन आला. "डॉक्टर, विठ्ठलवाडीला जायचंय. एकट्याचे पाय उचलत नाहीत."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. तो कठडा धरून चढला.

मोरे वहिनींनी दार उघडलं. जयेशने उभ्यानेच सांगून टाकलं. पाय लपवला होता. वेळीच दाखवला असता, तर चॉपरने गेलो असतो. मग मी माझं सांगितलं. मोजा काढायला लावला नाही आणि तीन सह्या केल्या. साहेबांचे शेवटचे शब्दही सांगितले.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी चहा विचारला नाही. जा असंही म्हणाल्या नाहीत.

जयेश त्यांचे पाय धरायला वाकला. कृत्रिम पाय आडवा आला, तोल गेला. वहिनींनी त्याचा दंड पकडला.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझा पाय आपटू देऊ नका म्हणाले होते ना ते? उभा राहा नीट."

आम्ही दर वर्षी त्या तारखेला जातो. अजून चहा मिळालेला नाही.

हवालदार दत्ताराम मोरे सदतीस वर्षांचे होते. चौकीवर सगळ्यांच्या आधी उठून ते बर्फ वितळवून पाणी करायचे, आणि स्वतः सगळ्यात शेवटी प्यायचे.