थ्रासोसचा दात

थ्रासोस जन्मांध. बंदराकडच्या रस्त्यावर सव्वीस वर्षं लॉटरीची तिकिटं विकत होता. खांद्यावर उंच काठी, काठीला चिमट्यांनी लावलेली तिकिटं. तो फूटपाथ त्याच्या पायांना तोंडपाठ होता. मग तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेला आंधळ्यांचा पुळका आला. फूटपाथभर उंचवट्यांची पिवळी पट्टी बसवली, अथेन्सहून कोणी मंत्री येऊन फीत कापून गेला. पट्टीवर पाय ठेवा आणि बिनघोर चाला, असं थ्रासोसला सांगण्यात आलं. तो विश्वासाने चालला आणि थेट विजेच्या खांबावर आदळला. पट्टी खांबाच्या अलीकडे संपायची आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायची. समोरचा दात अर्धा तुटला.

अकरा अर्ज केले त्याने. दर वेळी खिडकीतला कारकून म्हणायचा, साहेब साइटवर गेलेत. कुठली मेली साइट, ते त्यालाच ठाऊक. तेव्हापासून थ्रासोस येताजाता नगरपालिकेला शिव्या घालायचा.

त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी आर्गिरो इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रकल्प याच पट्टीवर. सादरीकरणाच्या आदल्या दुपारी ती खाली त्याच्याकडे आली. हातातले कागद ती सारखी उलटसुलट करत होती, ते त्याला ऐकू येत होतं.

"काका, उद्या सादरीकरण आहे. काही सुचतच नाही."

"लिहिलंयस ना? वाच."

"'सदर पट्टीच्या रचनेत काही ठिकाणी सुधारणेस वाव आहे...'"

थ्रासोसच्या मस्तकात तिडीक गेली. "वाव? कोणी शिकवलं तुला हे?"

"सरांनी. परीक्षकांत नगरपालिकेचे इंजिनीयर आहेत. त्यांना झोंबलं तर नापास करतील. वर्ष जाईल माझं. बाबांना काय सांगू?"

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

त्याने बंडीच्या खिशातून दाताचा तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"हा बघ वाव. उद्या मुठीत धर. आणि परत आणून दे, माझा आहे तो."

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर बसला. आर्गिरोचा आवाज चिमणीएवढा येत होता. "सदर पट्टीच्या रचनेत काही ठिकाणी सुधारणेस..." इथे ती थांबली. कोणीतरी पेन आपटत होतं. झालं, बुडाली पोर, असं थ्रासोसला वाटलं. मग टेबलावर टक्कन काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला.

"हा आमच्या थ्रासोसकाकांचा दात आहे," ती म्हणाली. "पट्टी खांबाला वळसा घालून न्यायची होती. नकाशात खांब दाखवलाच नाही, कारण जागेवर कोणी गेलंच नाही. मी गेले. अशा चौदा जागा आहेत. एकेक सांगते."

आणि तिने एकेक सांगितली. आवाजातला कंप कुठल्या कुठे गेला होता. ती चिडली होती, चांगलीच चिडली होती, आणि थ्रासोसला फार बरं वाटत होतं.

"बाळ, एवढं तापायचं नसतं," पुढून एक जाड आवाज आला. "पट्टीचं काम आमचं, पण खांब वीज खात्याचा. तो हलवणं नगरपालिकेच्या हातात नाही."

थ्रासोस ताठ झाला. हा आवाज तो दर शुक्रवारी ऐकायचा. शेवटी सात असलेलं तिकीट द्या, म्हणायचा, आणि जाताना न चुकता, सांभाळून जा हं थ्रासोस. अकरा अर्ज ज्याच्या टेबलावर पडले होते, तो हा माणूस. तीन वर्षं समोर उभा राहून सात मागत होता आणि आपण कोण ते एकदाही बोलला नव्हता.

आर्गिरो पास झाली. दहापैकी सहा, भाषा सभ्य नव्हती म्हणून गुण कापले. दात परत देताना ती रडवेली झाली होती. "सहाच दिले, काका."

"माझाही दात अर्धाच तुटला होता," थ्रासोस म्हणाला.

शुक्रवारी तो मुद्दाम खांबाला पाठ टेकून उभा राहिला. ठरल्या वेळी पावलं आली आणि थोड्या अंतरावर थबकली.

"शेवटी सात असलेलं आहे का?" आवाज जरा खालचा होता.

"आहे. पट्टीवरून या. डोळे मिटून."

मग पावलं रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथला गेली. तिकडे पट्टी नव्हती. थ्रासोसने ते तिकीट काठीवरून काढलं आणि दाताशेजारी खिशात ठेवून दिलं.