घरची गाडी

ये गं, या लग्नाच्या हॉलमध्ये तरी भेटलीस, खुर्ची जरा जवळ ओढ. आणि तो फोन आधी उपडा ठेव. मागच्या महिन्यात पार्सिपनीहून विमानाने ऑफिसच्या कामाला ह्यूस्टनपर्यंत आलीस, आणि तिथून अर्ध्या तासावर शुगर लँडला मावशीकडे साधा चहाही नाही? असं करतात का? आली असतीस तर तुझ्या काकांची गाडी तरी बघितली असतीस.

रिटायर झाल्यावर यांना घर खायला उठलं. सकाळी आवरून जायचं कुठे? मग खोक्यांतून सुटे भाग मागवून गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी गाडी जोडायला घेतली. लाल, ठेंगणी, दोन सीटची. माझ्या तांदळाच्या गोण्या डायनिंग टेबलाखाली गेल्या. गाडी झाली, सुरूही झाली, पण रस्त्यावर काढता येईना. नंबर प्लेट नाही! प्लेटसाठी कौंटीच्या सरकारी ऑफिसला इन्शुरन्स हवा, आणि इन्शुरन्सवाल्यांचा पहिलाच प्रश्न, कुठल्या कंपनीची?

हे रोज ती ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत नेत, रस्ता सुरू होतो तिथे थांबत, आणि रिव्हर्स घेत. पुढे, मागे. पुढे, मागे. माणसं येरझारा घालतात, आमच्याकडे गाडी घालत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, जस्ट सेल इट." त्या दिवशी हे ताटावरून तसेच उठले.

एकदा इन्शुरन्सच्या बाई स्पीकरवर होत्या. "मेकर कोण, सर?" माझ्या चकलीचं कौतुक करतात ना, अगदी त्याच आवाजात यांनी सांगितलं, "होममेड!"

पलीकडून लगेच, "सॉरी सर, तसल्या गाड्या आम्ही घेत नाही."

"अगं, होममेडमध्ये वाईट काय?" यांना कळेचना. आपल्यात घरचं म्हटलं की माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो.

"अहो, ती काय चकली खायला बसलीय? कौंटीच्या कागदावर जो शब्द आहे तोच सांगा."

"असेम्बल्ड, म्हणे जोडलेली," हे तोंड वाकडं करून म्हणाले. "कपाट आहे का ते?"

पण यांनी हौसेच्या गाड्यांचा इन्शुरन्स करणारी दुसरी कंपनी शोधली, तिथे मुकाट्याने तोच शब्द सांगितला. त्यांनी फोटो मागितले, पार्टांच्या पावत्या मागितल्या, रात्री गाडी कुलपात असते का विचारलं, आणि इन्शुरन्स द्यायला चक्क तयार झाले! मग ब्रेक, दिवे, सगळं मेकॅनिककडून तपासून झालं आणि एकदाची प्लेट आली. मी हळदकुंकू लावलं. यांनी स्क्रू पिळले आणि प्लेट रुमालाने दोनदा पुसली.

गाडी ड्राइव्हवे ओलांडून वळली तेव्हा वाटलं, चला, सुटले. कुठलं सुटतेय! आता हे रोज चक्कर मारायला जातात, आणि परत येईपर्यंत खिडकी ते दार येरझारा मी घालते. शेजारी बसून जावं, तर माझे गुडघे त्या गाडीत जातात, बाहेर येत नाहीत. परवा यांनी आणि शेजारच्या काकूंनी मिळून मला ओढून काढलं.

म्हणून ती दुसरी सीट रिकामीच फिरते. लवकर ये गं, त्यांच्याशेजारी तू बस. एक दिवस तरी मला खुर्चीत टेकून चहा पिऊ दे.