हेडफोनचा ड्रायव्हर आणि नदीवर अडलेला घोडा

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही. लग्नामुंजीत जेवणं उरकली की मी बोलायला लागतो आणि बाकीचे पेंगायला लागतात, त्यावरून ते माझंच असं ठरत गेलं. आता समोर बसून पेंगायलाही कुणी नाही. बायको गेली, मुलगी टोरंटोला. मैसूरच्या सरस्वतीपुरम भागातल्या या घरात मी एकटा; कॉलेजात फिजिक्स शिकवून यायचं आणि सकाळचा भात फोडणीला टाकायचा. हक्काचा श्रोता एकच उरला होता, नात. वय साडेचार. आमची भेट रविवारी संध्याकाळी पाचला. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि तिला पोहण्याच्या क्लासला निघायचं असतं.

आधी ही भेट फोनवर व्हायची. पण मी फोन पोटापाशी धरून बोलतो म्हणे. तिला माझ्या नाकपुड्या आणि छताचा पंखा एवढंच दिसायचं. तिनं माझं नाव ‘फॅन अज्जा’ ठेवलं आणि दोन मिनिटांत पळ काढायला लागली. मग मुलगी सुट्टीत आली तेव्हा तिनं पुढच्या खोलीत मोठ्या पडद्याचा कंप्युटर मांडला, वर कॅमेरा लावला आणि मला एक बिनवायरचा हेडफोन दिला. हेडफोन अशासाठी, की समोरच्या घरी रविवारी संध्याकाळी कर्नाटक गाण्याचा क्लास चालतो. बऱ्याच मुली, आणि प्रत्येकीची श्रुती स्वतंत्र.

“अप्पा, तुमच्या मागं कोण रडतंय का?” मुलीनं एकदा काळजीनं विचारलं होतं.

“रडत नाहीत गं. वर्णम म्हणताहेत.”

तर नातीला मी आमच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगायला घेतली. हा गृहस्थ उत्तरेकडून घोड्यावर बसून मैसूरला चाकरीसाठी निघाला. कावेरीपर्यंत आला. बाकीच्यांचे घोडे पाण्यातून पार गेले, याचा काठावर अडला. ओढला, चुचकारला, गूळ दाखवला. “आणि घोडा,” मी म्हणतो, “पाण्याकडे बघत... तसाच... उभा.”

इथं मी थांबतो. चांगला थांबतो. भुवया वर, तोंड अर्धं उघडं, श्वास रोखलेला. या थांबण्याचा मला फार अभिमान आहे.

त्या रविवारी मी थांबलो आणि कंप्युटरही थांबला. पडदा निळा झाला, त्यावर एक रडका चेहरा आला आणि त्याखाली इंग्रजीत दिलगिरी. यंत्र पुन्हा उठून उभं राहीपर्यंत मुलीचा फोन आला. “अप्पा, ती गेली खाली. बूट घालतेय.”

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच, आणि नेमकं घोडा काठावर आला की.

“तुमचं चित्र तसंच राहतं, अप्पा. तोंड उघडं,” मुलगी हसू दाबत म्हणाली. “ही लोळते नुसती. म्हणते, अज्जा घोडा झाला.”

मला हसू आलं नाही. पोरीला मराठी शब्द येतात मोजके, त्यातले निम्मे खाण्याचे. पुढंमागं रविवारी दुसरे क्लास लागतील, मैत्रिणी येतील. त्याआधी निदान ही एक गोष्ट शेवटापर्यंत तिच्या कानावर घालावी, एवढंच माझ्या मनात होतं. आणि ती काठाच्या पुढं जाईना.

मी दुरुस्तीला लागलो. फिजिक्सचा माणूस असल्यामुळे मला सगळ्याचाच संशय आला. विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलला. आत धूळ असेल म्हणून डबा उघडला आणि मेमरीची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबरानं तिचे दात घासले. आमच्या कॉलेजात प्रत्येक कंप्युटरवर पहिला इलाज हाच करतात. व्हायरस शोधला. सापडला नाही.

मोठी अडचण अशी, की सोमवार ते शनिवार कंप्युटर ठणठणीत. बिघाड फक्त बोलताना, आणि बोलायला मला रविवारशिवाय कुणी नाही. तपासणीसाठी कुणाला कॉल लावावा म्हणून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. गॅसवाला, प्लंबर, डिपार्टमेंटचा हेड. शेवटी कंप्युटरवरून माझ्याच फोनला कॉल लावला, स्वयंपाकघरात धावत जाऊन तो उचलला आणि म्हणालो, “हॅलो, बरं आहे ना?” पुढच्या खोलीत कॅमेऱ्यासमोरची माझी रिकामी खुर्ची मला फोनमध्ये दिसत होती. परत धावत येऊन खुर्चीत बसलो. “बरं आहे,” म्हणालो. कंप्युटर बंद पडला नाही. मीच कॉल तोडला.

शेजारच्या बाई कुंपणापाशी फुलं तोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि परडी खाली ठेवली.

“पाच वाजता का सर? रविवारी?”

“हो.”

“अय्यो! साडेचार ते सहा राहुकाल नाही का! राहुकालात कुणी चांगलं काम सुरू करतं का सर? एवढं शिकलेले तुम्ही!”

मी हसलो. प्रयोगात वेळही बदलून बघायला हवी, असं मनाला समजावलं आणि पुढच्या रविवारी सव्वासहाला कॉल लावला. मुलगी नातीला गाडीत बसवण्याच्या घाईत होती. मला गोष्टीचा सुरुवातीचा तुकडाच सांगायला मिळाला, घोडा काठावर पोचलाच नाही. पण पडदा निळा झाला नाही! त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बाईंनी कुंपणावरून नुसत्या भुवया उडवल्या. सोमवारी वर्गात कारण आणि योगायोग यांतला फरक शिकवताना माझा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

मग एका रविवारी पोहण्याला सुट्टी होती. मुलगी म्हणाली, आज हवं तेवढं बोला अप्पा. मी राहुकाल संपवून, हातपाय धुऊन बसलो. समोर वार्षिक कार्यक्रमाची तालीम असल्यानं क्लास सहानंतरही चालू होता, म्हणून हेडफोन कानाला लावला. घोडा काठावर आला. मी थांबलो. निळा पडदा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पाचला क्लास असतो म्हणून हेडफोन. सहानंतर शांत म्हणून हेडफोन नाही. फुकटचं श्रेय राहूला गेलं होतं. या खेपेला मी त्या रडक्या चेहऱ्याचा फोटो काढला आणि खालची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. यंत्र इतके आठवडे चुकलेल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होतं आणि मी त्याचे दात घासत होतो.

ड्रायव्हर म्हणजे कंप्युटर आणि त्याला जोडलेली वस्तू यांच्यामधला दुभाषी. माझ्या हेडफोनचा दुभाषी मध्यंतरी आपोआप बदलला होता. नवा आलेला होता काटकसरी. माणूस गप्प बसला की हा माइकला झोपवून टाकायचा, वीज वाचावी म्हणून. आणि मग त्याला स्वतःलाच माइकला जागं करता यायचं नाही. तो गडबडायचा आणि अख्खा कंप्युटर घेऊन पडायचा. साधं बोलताना काही होत नव्हतं, कारण साधं बोलताना मी कधी थांबतच नाही. थांबतो तो फक्त घोड्यासाठी.

खात्री करून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावून पुन्हा स्वतःलाच कॉल केला. फोन कॉफीच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सगळी गोष्ट त्याला सांगितली. ओढला, चुचकारला, गूळ दाखवला. थांबलो. कंप्युटर पडला. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तो सांगायला समोर कॉफीचा डबा होता.

नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसवला. सेटिंगमध्ये ‘वीज वाचवा’पुढची बरोबरची खूण पुसली. मग काठावर बराच वेळ थांबून बघितलं. काही झालं नाही.

रविवारी पाचला, भर राहुकालात, मी बसलो. नात समोर पालथी पडून हनुवटी तळव्यांवर ठेवून बघत होती. घोडा पाण्याकडे बघत तसाच उभा राहिला. मी थांबलो. तिचे डोळे मोठे झाले; मी घोडा होण्याची ती वाट बघत होती.

“आणि मग,” मी म्हणालो, “घोड्यानं हळूच एक पाय उचलला...”

“नो!”

“अगं ऐक तर, पुट्टी. पाय पाण्यात टाकला आणि...”

“नाही जात! अज्जा, घोडा नाही जात!” ती उठून बसली. “पाणी कोल्ड आहे!”

“जातो गं. गेला म्हणून तर आपण मैसूरला आलो. नाहीतर तू कुठून, मी कुठून?”

तिचा ओठ बाहेर आला. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, चौकटीत आली. “अप्पा, राहू द्या की त्याला तिथंच. सुम्ने, उगीच रडवता कशाला?”

“पण गोष्ट तशी नाही.”

“तिची तशी आहे.”

मी ऐकलं नाही. भराभर घोडा नदीत घातला, मधल्या भोवऱ्यातून काढला, पलीकडे चढवला, मूळपुरुषाला महाराजांसमोर उभं केलं. बोलता बोलता बघितलं तर चौकटीत नुसती सतरंजी होती. मागं मुलगी टॉवेल पिशवीत कोंबत होती. “झालं का अप्पा?” ती म्हणाली. “ठेवू?”

तो आठवडा लांबला. पुढच्या रविवारी ती येणार नाही असंच मला वाटत होतं. पण पाचला ती आधीच येऊन बसली होती, ओठांवर बोट ठेवून.

“अज्जा, हळू बोल. घोडा झोपला.”

“कुठं?”

“इकडे. पाण्याच्या इकडे.”

“आणि त्याचा मालक?”

“गेला. स्विम करून.”

“घोड्याला सोडून? मग घोड्याला करमतं का?”

ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघायला लागली. “मालक कॉल करतो ना. संडेला.”

“मग घोडा काय बोलतो?”

“घोडा कसा बोलणार, अज्जा? ऐकतो.”

मग घोडा काय खातो, रात्री कुणाची भीती वाटते, त्याचा एक मित्र बेडूक आहे, असं ती अर्धं इंग्रजीत, थोडं मराठीत, पोहायला निघेपर्यंत सांगत राहिली. मी मध्ये एकदाही बोललो नाही.