डाळिंबाच्या सालीचं मटण

सुरतेत कतारगामला भागीरथीची खानावळ होती. जेवायला येणारे बहुतेक मागावरचे कामगार, तिच्यासारखेच खानदेशातून आलेले. रविवारी मटण व्हायचं. उरलेलं सोमवारी गरम केलं की त्याला शिळा, खवट वास यायचा आणि माणसं ताट सरकवायची. भागीरथीला ते फार लागायचं.

गल्लीच्या तोंडाशी रसवाला डाळिंबाच्या साली फेकून द्यायचा. त्या वाळवून तिनं एकदा लवंगेबरोबर उकळल्या आणि ते पाणी मटणात घातलं. मटण तुरट झालं. पुढच्या वेळी तिनं पाणी कमी केलं, कढीपत्ता वाटून घातला. असं करता करता जमलं. दुसऱ्या दिवशीही वास येईना. पलसाण्याच्या रंगाच्या कारखान्यात कामाला जाणारा तिचा नवरा सुकदेव तेच मटण डब्यात न्यायचा.

तिची एकुलती एक लेक सोनाली दोंडाईचाजवळच्या खेड्यात दिली होती. चौऱ्याण्णव साली ती गरोदर होती. गावच्या माणसाबरोबर तिनं निरोप धाडला, "मायले सांगजो, माले तिना हातनं मटण खावानं शे."

तेवढ्यात सुरतेत प्लेग आला. माग बंद पडले, खानावळ ओस पडली, जो तो स्टेशनकडे धावू लागला. पितृपक्ष चालू होता. एरवी भागीरथीनं मटणाला हात लावला नसता. पण लेकीचे डोहाळे! तिनं सालीच्या पाण्यात सुकं मटण केलं, डबा बांधला आणि भुसावळच्या गाडीत कशीबशी शिरली.

गावाच्या फाट्यावर माणसं काठ्या घेऊन उभी होती. त्यांत तिचा व्याही बळीरामही होता.

"विहीणबाई, तुम्ही सुरतथीन येल शेतस. पोरगी दोन जीवानी शे. आठूनच परत जा."

"मी येत नई. पण हाऊ डबा तरी तिले द्या."

"आन डबामाच रोग व्हई तं?"

भागीरथी डबा घेऊन फाट्यावरच थांबली. सोनालीला कळलं तशी ती पोट सावरत शेताच्या बांधापर्यंत आली. बायकांनी तिला तिथंच धरून ठेवलं. मायलेकी लांबूनच एकमेकींकडे बघून रडल्या. मग एसटी आली.

सुरतेला परतून तिनं डबा उघडला. मटण चांगलं होतं. सुकदेवनं एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

दिवाळीनंतर सोनाली बाळंतपणात गेली. रक्त थांबलंच नाही. तोवर प्लेग ओसरला होता, या खेपेला भागीरथीला कुणी अडवलं नाही. विहिणीनं तान्ही नात तिच्या पदरात घातली. ती योगिता.

खानावळ पुढे चालली, पण मटण बंद झालं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आता व्हत नई माले."

योगिता शाळेत जायला लागली त्या वर्षी बळीराम नातीला बघायला सुरतेला आला. भागीरथीनं त्याला वरणभात वाढला. तो भात नुसताच कालवत राहिला. "विहीणबाई, त्या रोज मी…" म्हणत तो रडू लागला.

"तुमले भीती वाटनी. गावले बी वाटनी," ती म्हणाली. "मी राग कोनवर करू, तेच माले समजत नई."

आणि तिनं त्याच्या भातावर आणखी वरण घातलं.