सरकीने भरलेली चहाची पेटी

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. दारव्ह्याच्या शाळेत मी आठवीत होते आणि अमेरिकेवर जळत होते. म्हणजे अमेरिका झालेल्या पोरीवर.

संमेलनासाठी इतिहासाच्या गुरुजींनी नाटुकलं बसवलं. इंग्रज राजाने अमेरिकेतल्या लोकांना न विचारता बाहेरून येणाऱ्या चहावर कर बसवला, म्हणून त्यांनी जहाजावरच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, ती गोष्ट. पेटी मलाच फेकायची होती! पण तो मान गेला माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला. तिच्या बापाचं किराणा दुकान, पेटी तिकडूनच यायची ना. तिचा आवाजही खणखणीत होता, पण हे तेव्हा मी मेले तरी कबूल केलं नसतं. मी झाले इंग्रज अंमलदार. बाबांचा कोट, कोळशाच्या मिशा आणि एकच वाक्य, "कर भरा!"

तालमीत ती रिकामी पेटी डोक्यावर धरून गरजायची, पोरी टाळ्या पिटायच्या, आणि माझा कोट आतून पेटायचा.

शेवटी मी, मोठी शहाणी, संमेलनाच्या दुपारी आमच्या म्हशीची दोन पिशव्या सरकी गुपचूप त्या पेटीत ओतली. उचल म्हणावं आता!

पडदा उघडला. निळं लुगडं हलवत दोन पोरी समुद्र झाल्या. तिने गर्जना करून पेटीला हात घातला. पेटी हलेना. पुन्हा जोर लावला, तरी हलेना. मी मिशांआड खुदखुदत होते, तोच ती माझ्याकडे वळली.

"ओ सायेब! पाहून काय राह्यले? लावा ना हात!"

सारा मांडव हसला. आणि या बावळटाने खरंच हात लावला! इंग्रजाने आणि अमेरिकेने मिळून चहा फेकला. झाकण उडालं, समुद्रभर सरकी.

"काहून बे, तिकडं सरकीचा चहा पेतात का?" मागून कुणीतरी ओरडलं.

बक्षीस अर्थातच तिला. मी कोट काढत होते तर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आज म्हशीले काय घालशीन वं?" वर्गात म्हैस फक्त आमच्याकडे होती, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

गुरुजींना तिने सांगितलं नाही. उलट घरी नेऊन कपबशीत चहा दिला. आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता. मेलीच्या त्या चहाचाही मला राग आला.