काय म्हणालीस?

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या संध्याकाळी यांनी मला नेहमीचंच विचारलं, "काय म्हणालीस? परत बोल." यांच्या दोन्ही हातांना सुया, सलाइन चालू. त्या खुर्चीत बसून बसून माझी पाठ धरली होती, डोकं बधिर झालं होतं. मी आपली पुटपुटले होते, "या सलाइनला जेवढं प्रेशर आहे, तेवढं आपल्या किचनच्या नळाला नाही." परत म्हणायचं अगदी जिवावर आलं, तरी म्हटलं, शेजारच्या पेशंटलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. हे हसले. उजव्या हाताची बोटं उगाचच हलली... दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

आमचे हे, सुधाकर, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि आम्ही उलव्याला राहायला आलो. बाल्कनीत वेताची खुर्ची टाकली आणि तेव्हापासून यांचा सगळा संसार फोनमध्ये. नेटवर मराठी माणसांचा एक कट्टा आहे. तिथे कुणी कुणाला पाहिलेलं नसतं, खरं नावही कुणी लावत नाही, पण अळूच्या भाजीत गूळ किती इथपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यांना सगळ्यावर मत असतं. यांचं तिथलं नाव बाल्कनीबाबा. घरात मोजकंच बोलणारा हा माणूस तिथे म्हणे सगळ्यांना हसवायचा. "आई, बाबा तिकडे फेमस आहेत," लेकीने एकदा कौतुकाने सांगितलं. मला कौतुक वाटलं नाही, राग आला. ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत त्यांना हे हसवणार, आणि मी दिवसभर याच घरात असून मला मात्र दमलेला, गप्प माणूस. हे माझ्या मनात कायम सलत राहिलं.

त्यात यांचे कान. मी काही बोलले की, "काय म्हणालीस? परत बोल." विमानतळाचं काम चालू असताना एकदा मी म्हणाले, "विमानं येतील तेव्हा येतील, आधी गॅसवाल्याला आपली बिल्डिंग सापडू दे." परत बोल! कुठल्याशा दोन देशांच्या भांडणावर हे तासभर टाइप करत बसले होते, मी समोर ताटली आदळली, "तह झाला असेल तर लसूण सोला." परत बोल! प्रत्येक गोष्ट दोनदा बोलून माणूस किती थकतो, ते माझं मलाच माहीत. शेवटी धरून बेलापूरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ती म्हणाली, कान ठणठणीत आहेत. परतताना रिक्षात मी म्हणाले, "म्हणजे दोष कानांत नाही, लग्नात आहे." हे म्हणाले, "काय म्हणालीस?" त्या दिवशी मात्र मी तोंड फिरवून बसले, परत काही बोलले नाही.

हे गेल्यावर लेकीने यांच्या फोनवरून कट्ट्यावर दोन ओळी टाकल्या, खाली घरचा पत्ताही. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली म्हणे. मी बघितली नाही. कंटाळा आला होता सगळ्याचाच... येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, चहाचा, तीच हकिगत पुन्हा सांगण्याचा. तेराव्यानंतरच्या रविवारी खालून वॉचमनचा इंटरकॉम आला. "मॅडम, दोघं जण आलेत. नाव विचारलं तर लोखंडी लाडू सांगतात. सोडू का वर?"

लोखंडी लाडू म्हणजे कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी करणारी एक तिशीची मुलगी. बरोबर दिघ्याचे एक गृहस्थ, तेही कट्ट्यावरचेच. दोघांनी एकमेकांना आमच्या गेटवर पहिल्यांदा पाहिलं होतं. दोघंही आली, बसली, आणि यांच्या फोटोकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.

"काकू, तह झाला असेल तर लसूण सोला, ते तुमीच ना?" मुलगी म्हणाली.

मला काही कळेना.

"काका सगळं तुमचंच टाकायचे. 'आत्ताच किचनमधून आलेलं' असं लिहून. त्यांचा स्वतःचा एक पण जोक नाही, खरंच. आमी सगळे तुमचे फॅन आहोत."

"रिक्षातलं ते लग्नाचं वाक्य तर आमच्या घरात रोज चालतं," गृहस्थ म्हणाले.

"पण मला कधी बोलले नाहीत ते..."

"आमी विचारलेलं त्यांना. तर म्हणाले, सांगितलं तर ती विचार करून बोलायला लागेल."

मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिले. रिक्षातलं ते वाक्य मी परत म्हटलंच नव्हतं. म्हणजे यांना ते पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तेही, आणि बाकीची सगळीही. कान ठणठणीत असलेला माणूस इतकी वर्षं मला परत बोलायला लावत होता, कारण त्याला ते आणखी एकदा ऐकायचं होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि मी कुढत बसले होते की मला काहीच मिळत नाही.

बाहेर येऊन मी त्या दोघांना हॉस्पिटलमधलं सलाइनचं सांगितलं. मुलगी हसली, मग तिचे डोळे भरले. पर्समधून फोन काढून म्हणाली, "काकू, परत बोला ना." मी बोलले. आणि मग, हे गेल्यापासून पहिल्यांदाच, मला रडू आलं.

वेताची खुर्ची अजून बाल्कनीत आहे. काल सकाळी नळ कोरडा पडला, म्हणून हातात रिकामी कळशी घेऊन मी तिथे खाली बघत उभी होते. तेवढ्यात समोरून विमान उतरलं. "विमान वेळेवर आलं बघा, टँकरच लेट आहे," मी म्हणाले. खुर्चीकडून काही आलं नाही. मी थोडा वेळ थांबले... मग परत बोलले, जरा मोठ्याने.